परदेशातली मास्तरकी आणि फोनवरची दुसरी पाळी

मराठवाड्यात बी.एड. झालेलं माणूस शोधावं लागत नाही, दर दोन घरांआड एक सापडतं. त्यातल्या थोड्यांना टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरची भरती अशा चाळण्यांतून जिल्हा परिषदेची शाळा मिळते. तिथंही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. हे मानधन २०२३ मध्ये वाढलं तेव्हा प्राथमिकला महिना १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झालं. त्याआधी ते सहा आणि आठ हजार होतं. बाकीचे विनाअनुदानित संस्थेत ‘आज ना उद्या अनुदान येईल’ म्हणून राबतात, नाहीतर लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये तासिकांवर जातात. त्यामुळं दुबई-शारजातली भारतीय शाळा, मालदीवमधलं एखादं बेट किंवा इंग्लंडमध्ये गणिताच्या शिक्षकाची जागा निघाली की जाणारा जातोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

जाताना पगार, व्हिसा, राहायची सोय या सगळ्याची चौकशी होते. पहिल्याच वर्षात माणूस आतून रिकामा कसा होत जातो, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या रिकामं होण्याला बर्नआउट म्हणतात. हा लेख जाणाऱ्यांसाठी आहे आणि जवळपास तितकाच इकडं राहिलेल्या घरच्यांसाठी.

बर्नआउट म्हणजे काय

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथं मनापासून राबणारे कार्यकर्तेच काही महिन्यांत कोमेजतात, चिडचिडे होतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९७४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. पुढं क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद आहे. मात्र ती आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि तो आटोक्यात आला नाही की जे होतं ते, अशी त्याची मांडणी आहे.

त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. जीव मेटाकुटीला येतो, रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. कामावरून मन उडतं, पाट्या टाकणं सुरू होतं, लेकरांविषयी बोलताना तोंडात कडवटपणा येतो. आणि तिसरी, आपल्याला हे काम येतच नाही असं वाटायला लागतं.

नव्या शिक्षकाची गोची या तिसऱ्या खुणेत होते. त्याला खरोखरच अजून सगळं येत नसतं, मग हे शिकाऊपण की बर्नआउट? ओळखायची एक साधी रीत आहे. शिकाऊ माणसाचा आठवडा वाईट गेला तरी ‘मंगळवारचा तास बरा झाला’ एवढं तरी त्याला सांगता येतं. बर्नआउटमध्ये बरा झालेला तासही दिसेनासा होतो.

लोकांना वाटतं, फार काम केलं की असं होतं. मॅस्लॅक आणि मायकल लायटर यांनी मिळून सहा गोष्टी तपासायला सांगितल्या: कामाचं ओझं, कामावरचा आपला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतीची माणसं, न्यायाची वागणूक, आणि आपल्याला जे योग्य वाटतं ते करायला मिळणं. ओझं हे सहातलं एक. आपल्याकडं बोअर आटली की सगळे उपशाकडं बोट दाखवतात. पाझर किती उरला होता, हेही बघावं लागतं. या यादीतल्या बाकी पाच गोष्टी म्हणजे पाझर, आणि परदेशात गेलेल्या नव्या शिक्षकाच्या बाबतीत त्यातल्या तीन-चार एकदमच बंद होतात. स्टाफरूममध्ये ओळखीचं कुणी नसतं. वेळापत्रक दुसऱ्यानं ठरवलेलं. गावात ‘सर आले’ म्हटल्यावर पारावरची माणसं सरकून जागा देतात. तिथं वर्गात शिरलं तरी एखाद्या पोराची नजर वर होत नाही.

दोन खड्डे एकाच वेळी

एलन मॉइर यांनी कॅलिफोर्नियातल्या नव्या शिक्षकांबरोबर काम करताना १९९० मध्ये पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले. आधी उत्साह, मग कसंबसं तग धरणं, आणि सहा ते आठ आठवडे सतत राबल्यावर भ्रमनिरास. त्यानंतर मोठी सुट्टी येते आणि माणूस हळूहळू वर येतो. दुसरीकडं मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये परक्या देशात गेलेल्यांचे टप्पे सांगितले. सुरुवातीचं अप्रूप काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकतं, मग परकेपणा अंगावर येतो, मग सवय होते. प्रत्येकाचं असंच घडेल असं नाही. काहींना पहिल्याच दिवशी रडू येतं, काहींना कधीच येत नाही. पण ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. नवेपणाचा खड्डा आणि परकेपणाचा खड्डा बहुतेक वेळा एकावर एक येतात.

इंग्लंडमध्ये सप्टेंबरात रुजू झालेल्याचे सहा-आठ आठवडे भरतात ते दिवाळीच्या आसपास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं जातं. डिसेंबरात लंडनला दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. अंधारात शाळेत जायचं आणि अंधारात परत यायचं, हे उन्हात वाढलेल्या आपल्या माणसाला किती जड जातं ते गेल्याशिवाय कळत नाही. संयुक्त अरब अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. तिथल्या नव्या शिक्षकाचा खड्डा मे-जूनच्या उकाड्यात येतो, पण पाठोपाठ उन्हाळी सुट्टीही येते. निवडायला वाव असेल तर या फरकाचा विचार जरूर करावा. निदान खड्डा कोणत्या महिन्यात येणार हे ठाऊक असलेलं बरं. त्या महिन्यात ‘मी परत येतोय’ असा निर्णय घेऊ नये आणि ‘मला सगळं जमतंय’ असंही कुणाला सांगू नये.

चेहरा सांभाळण्याची मजुरी

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये एक गोष्ट ठळकपणे मांडली. काही नोकऱ्यांमध्ये हातापायांबरोबर चेहराही राबत असतो. आत एक चाललंय आणि वर दुसरं दाखवायचं, हे कामच आहे, आणि ते दमवतं. आतून न वाटणारा भाव नुसता वरवर वठवणं आणि थकवा यांचा संबंध नंतरच्या संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसला आहे.

शिक्षकाचा चेहरा दिवसभर असाच राबतो. राग आलेला दाखवायचा नाही, उच्चार कळला नाही तरी कळल्यासारखं करायचं, पालकांच्या तिखट ईमेलला गोड उत्तर लिहायचं. हे इकडच्या शिक्षकालाही चुकलेलं नाही. पण इकडचा शिक्षक घरी येतो, शर्ट खुंटीला अडकवतो आणि बायकोपाशी, आईपाशी मनसोक्त कुरकुर करतो. परदेशातल्याला घरी आल्यावर व्हिडिओ कॉल येतो. मग दुसरी पाळी सुरू.

“काय सर, मजा हाय बुवा तुमची! लेकरं ऐकतेत का?”

“ऐकतात की.”

“पगार किती म्हणायचा मग?”

हा संवाद मराठवाड्यातल्या ज्याच्या घरचं माणूस बाहेर आहे त्याला पाठ असेल. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण एजंटाला द्यायला काढलेलं कर्ज, दोन एकरांवरचा बोजा, बहिणीचं ठरत आलेलं लग्न, ‘आमचा पोरगा फॉरेनला आहे’ हे आईनं सगळ्या भावकीत सांगून ठेवलेलं, एवढं सगळं पाठीशी असताना ‘मला झेपत नाहीये’ हे वाक्य तोंडातून निघणार कसं? माणूस हसतो, कॅमेरा जरा वर धरतो म्हणजे डोळ्यांखालचं काळं दिसत नाही, आणि ‘एकदम मस्त’ म्हणतो. शाळेत सात-आठ तास चेहरा राबला, आता घरच्यांसमोर आणखी तासभर.

वेळाही नेमक्या वाईट पडतात. आपल्याकडं जेवणं उरकून रात्री नऊला फोन लावतात. तेव्हा दुबईत साडेसात वाजलेले असतात, म्हणजे उद्याच्या तासाची तयारी करायची वेळ. रियाध किंवा दोह्यात साडेसहा. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार, म्हणजे शेवटची घंटा होऊन डोकं अगदी रिकामं झालेलं असतं ती वेळ. आठवड्याची सुट्टीही जुळत नाही. सौदी, कतार, कुवेत, ओमान इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी शाळा. इकडचे पाहुणे मात्र रविवारी निवांत असतात म्हणून त्याच दिवशी सगळ्यांना फोन लावायची आठवण होते. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, शारजात शुक्रवारपासून तीन दिवस.

मग करायचं काय

पहिलं काम घरच्या आघाडीवर. फोनचे दिवस आणि वेळ ठरवून टाका: रोजचा एक साधा निरोप, आणि निवांत बोलणं आठवड्यातून दोनदा, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. सुरुवातीला आईला वाईट वाटेल. चार आठवड्यांत सवय होते. आणि घरातलं किंवा मित्रांतलं एक माणूस असं निवडा की ज्याच्यापाशी खोटं बोलायचं नाही. भाऊ असेल, बी.एड.ची मैत्रीण असेल, जुने मुख्याध्यापक असतील. त्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, “मी रडगाणं गाईन तेव्हा उपाय सांगू नकोस आणि गावात बोलू नकोस.” एका माणसापाशी चेहरा उतरवता आला तरी फरक पडतो.

पैशाचंही खरं चित्र एकदा कागदावर मांडून घरी पाठवा. कर्ज किती, हप्ता किती, तिकडचं भाडं आणि जेवण किती, उरतं किती. पगाराचा आकडा रुपयांत सांगितला की इकडं तो थेट शिलकीसारखा ऐकू जातो. भाडं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

घरच्यांनीही एवढं करावं: पगार विचारायच्या आधी झोप किती होते ते विचारावं. ‘तिकडं काय त्रास, एसीत तर बसायचं’ हे वाक्य वर्षभर तरी गिळावं. आणि मुलगा-मुलगी फोनवर गप्प राहिली तर ती दमलेली असू शकते, लगेच रुसली असं धरू नये.

आता शाळा. आपल्या शिक्षकांची, विशेषतः पहिल्या नोकरीत जीव ओतणाऱ्यांची, एक खोड आहे. सगळं स्वतः, सगळं नव्यानं, सगळं देखणं. आपल्याकडं दुसऱ्याचं टाचण उतरवणं म्हणजे कामचुकारपणा. तिकडं बऱ्याच शाळांत विभागाचे धडे एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेले असतात आणि नव्यानं ते वापरावेत हीच अपेक्षा असते. आठवड्यातून एक तास मनासारखा, स्वतः घडवलेला घ्या. बाकीचे उसने, पण नीट. दोन-तीन वर्षांत तुमचाच साठा तयार होतो. अनुभवी शिक्षक कमी दमतात याचं निम्मं कारण हेच आहे, त्यांना रोज शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

वह्यांचंही तसंच. लाल पेनानं प्रत्येक ओळीवर टिक, खाली सही, तारीख, शेरा, ही आपली शिस्त. इंग्लंडच्या सरकारनं नेमलेल्या शिक्षकांच्या गटानं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की तपासणी अर्थपूर्ण, झेपेल इतकी आणि मुलांना उभारी देणारी असावी. पानोपानी लिहिण्याचा आग्रह धरू नये. तिथं गठ्ठे घरी वाहून नेणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही. आखातातल्या भारतीय शाळांत मात्र अनेक ठिकाणी सुपरवायझर वह्या बघतातच. तिथं आधीच विचारून घ्या की किती वेळा, किती खोल, आणि तुकड्या आठवड्यांवर वाटून घ्या. पाच तुकड्यांच्या वह्या एकाच रविवारी पूर्ण करणारा शिक्षक मला तरी कष्टाळू वाटत नाही, त्यानं फक्त नियोजन केलेलं नाही.

तयारी हे कामच आहे, हे आपला कायदाही मानतो. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत ते तयारीसकट. इंग्लंडमध्ये सरकारी वेतन-अटी लागू असलेल्या शाळांत शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ तयारी आणि तपासणीसाठी वेळापत्रकातच राखून ठेवावा लागतो. २०२१ पासून तिथं नव्या शिक्षकाचा इंडक्शन, म्हणजे सुरुवातीचा देखरेखीचा काळ, दोन वर्षांचा झाला आणि त्यात पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के तास कमी मिळतात. ज्यांचा इंडक्शन चालू आहे त्यांच्यासाठी ही सवलत मेहेरबानी नाही, नियम आहे. पण आपला माणूस वेळापत्रक हातात आलं की मान डोलावतो. मोजा. मोकळे तास कमी भरले तर मार्गदर्शक शिक्षकाला लेखी विचारा. तिकडं विचारणं उद्धटपणात जमा होत नाही.

वर्गातली पोरं उठून ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नाहीत, मध्येच उलट बोलतात, नावाचा भलताच उच्चार करतात. पहिल्या महिन्यात यातलं प्रत्येक काळजाला लागतं. आवाज चढवून उपयोग होत नाही, तो आपलाच बसतो. शाळेचं वर्तणुकीचं लेखी धोरण पाठ करून टाका: कोणत्या वागण्याला कोणती पायरी, कुणाला बोलवायचं. शेजारच्या वर्गातल्या जुन्या शिक्षकाच्या तासाची पहिली पाच मिनिटं नुसती बघून या. पोरं दारातून आत कशी घ्यायची, फळ्यावर काय लिहून ठेवायचं, कोण कुठं बसणार, यातच निम्मी शिस्त असते. शिस्त या नियमांवर सोपवली की ती तुमच्या मानापमानावर चालत नाही, आणि दमणूक खूप कमी होते.

सुट्टीच्या दिवशी झोप काढली तरी सोमवार जड जातो, असं का? झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विसाव्याचे चार भाग सांगितले: डोक्यातून काम बाजूला ठेवणं, शरीर-मन सैल सोडणं, कामाशी संबंध नसलेलं काही शिकणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं घालवणं. पलंगावर पडून रील्स बघताना शाळेचा व्हॉट्सअॅप गट चालूच असतो, म्हणजे पहिलाच भाग झाला नाही. गट बंद ठेवायची वेळ ठरवा. पोहायला शिका, क्रिकेटचा चमू शोधा, ज्वारीचं पीठ मिळतं का बघून भाकरी थापून बघा. पहिल्या चार भाकऱ्यांचे नकाशे होतील, होऊ द्या.

माणसंही लागतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि बऱ्याच शहरांत अशी मंडळं सापडतात. फक्त एक सांभाळा: नवा, एकटा, उत्साही माणूस दिसला की गणपतीची सगळी धावपळ त्याच्याच गळ्यात पडते. पहिल्या वर्षी जेवायला जा, पंगत वाढायला हात लावा, समितीत जाऊ नका.

दार कुठं आहे ते माहीत हवं

अडकून पडल्याची भावना थकव्याला फार वाढवते. म्हणून निघण्यापूर्वीच बाहेर पडायच्या अटी वाचा. भारतात नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही; एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. लाखांत मागणारा भेटला तर तिथंच सावध व्हा, कारण पुढं ‘झेपत नसलं तरी थांबावं लागेल’ ही अवस्था त्याच कर्जातून येते. अमिरातीच्या २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकानं कामगाराकडून घ्यायचा नाही, पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, आणि प्रोबेशन सहा महिन्यांहून जास्त असता कामा नये. त्या काळात देश सोडून परत यायचं तर १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. इंग्लंडमध्ये नोकरी सुटली की व्हिसा साधारणपणे ६० दिवसांवर आणला जातो, म्हणून दुसरी शाळा हाताशी आल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

आणि डॉक्टर. झोप उडाली, भूक मेली, आवडीची गोष्टही नकोशी वाटू लागली, आणि हे सुट्टीतही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ते बर्नआउटच्या पलीकडं गेलेलं असू शकतं. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात आला तर एक दिवसही थांबू नका. इंग्लंडमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेलाच असतो. पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवा, भेटीचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा कागदही लागत नाही. शिक्षकांसाठी ‘एज्युकेशन सपोर्ट’ या संस्थेचा फोन चोवीस तास चालू असतो. आखातात कंपनीच्या विम्यात मानसोपचार बसतात का, हे करारावर सही करण्याआधी विचारून घ्या. सुट्टीत गावी आल्यावर, किंवा मुलाच्या काळजीनं ज्यांची झोप उडाली आहे त्या घरच्यांसाठी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.